भिंत रंगवली, भिंत पुसली: ग्राफिटी, फ्लॅश मॉब आणि आपल्या वाट्याचा रस्ता

सोनटक्का | शनिवार, रात्री १०.४०

मंडळी, आमच्या सोसायटीची रस्त्याकडची भिंत साधारण एकशेवीस फूट लांब आहे. मुलुंड पूर्वेला, मिठागरांच्या बाजूला. २०१९च्या दिवाळीच्या सुट्टीत चित्रकला शिकणारी सात-आठ मुलंमुली कमिटीची परवानगी घेऊन आली आणि चार दिवसांत त्यांनी त्या भिंतीवर मिठागर काढलं. मिठाच्या पांढऱ्या राशी, खाऱ्या पाण्यात उभी माणसं, डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई, मागे बगळे आणि वरच्या कडेने धावणारी लोकल. त्या बाईच्या टाचांच्या भेगासुद्धा बारीक ब्रशने काढल्या होत्या. मी रोज स्टेशनला जाताना त्या टाचांकडे बघायचे.

गेल्या महिन्यात इमारतीला रंग काढला, त्यात कंपाउंडही आलं. दुपारी रंगारी आले, रोलर फिरला आणि संध्याकाळी मी कामावरून परत आले तेव्हा भिंत सलग बदामी झाली होती. यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. कोटेशनमध्ये 'कंपाउंड वॉल, दोन हात' अशी एक ओळ होती, तेवढंच. ज्यांनी चित्र काढलं त्या मुलांना कळवावं, निदान फोटो काढून ठेवावेत, हे कोणालाच सुचलं नाही. ती ओळ मंजूर झाली त्या सभेला मी हजर होते. मलाही सुचलं नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतंय.

भिंतीच्या पायथ्याशी एक मावशी भाजी घेऊन बसतात. दुसऱ्या दिवशी मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "ताई, आमचं मीठ पुसलं की हो." तो 'आमचं' शब्द माझ्या डोक्यातून जात नाही. भिंत सोसायटीची, चित्र मुलांचं, आणि त्याला 'आमचं' म्हणतंय कोण? जिचं नाव ना शेअर सर्टिफिकेटवर, ना कुठल्या ठरावात. पण गिऱ्हाइकाला ती पत्ता सांगायची तो 'मिठाच्या भिंतीपाशी' असाच.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचते आहे. ग्राफिटी म्हणजे भिंतींवर रंगाने लिहिलेलं-काढलेलं. न्यूयॉर्कमध्ये १९७१ साली अशी भिंतींवर लिहिलेली 'टाकी १८३' ही सही गाजली. निरोप पोचवण्याचं काम करणारा एक साधा पोरगा. १८३ हा त्याच्या रस्त्याचा नंबर. शहरभर हिंडायचं काम, म्हणून शहरभर सही. ज्या शहरात आपल्याला कोणी ओळखत नाही तिथे 'मी इथून गेलो' एवढंच तो सांगत होता. त्याच्या मागोमाग शेकडो पोरांनी रेल्वेचे डबे रंगवले आणि पुढे अठरा वर्षं ते शहर ते डबे पुसत राहिलं.

त्याच न्यूयॉर्कमध्ये जून २००३मध्ये शंभरावर माणसं एका मोठ्या दुकानात एका गालिच्याभोवती जमली. विक्रेत्याने विचारलं तर सगळ्यांचं उत्तर ठरलेलं: आम्ही एका गोदामात एकत्र राहतो, तिथे टाकायला गालिचा बघतोय. थोड्या वेळात सगळे पांगले. बिल वॉसिक नावाच्या एका मासिकाच्या संपादकाने ईमेल आणि मोबाइलच्या संदेशांवर हे जमवलं होतं. फ्लॅश मॉब म्हणतात त्याची ही सुरुवात.

या दोन्ही गोष्टी मला एकाच घरातल्या वाटतात. दोघींकडे स्वतःची जागा नाही. दोघी सगळ्यांची जागा घटकाभर उसनी घेतात. मला विचारायचंय ते हे, की अशी जागा उसनी घेताना कोणाला विचारायचं? आणि पुसताना कोणाला? तुमचे अनुभव लिहा. सोसायटीची सभा पुढच्या महिन्यात आहे आणि भिंत परत रंगवावी असा विषय मी मांडणार आहे.


गेरूचुना | रविवार, सकाळी ७.१५

सोनटक्काताई, लेख वाचून रात्री झोप लागली नाही. मी दादरला सत्तावीस वर्षं बोर्ड पेंटिंग केलं. दुकानाच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, नाटकाचे बोर्ड आणि निवडणुका आल्या की भिंती.

भिंतीचा आमचा एक कायदा होता, तो कुठे छापलेला नव्हता. निवडणुकीच्या दोन-तीन महिने आधी पक्षाची पोरं रात्री फिरून भिंती 'धरायची'. भिंतीला चुन्याचा हात द्यायचा आणि कोपऱ्यात पक्षाचं नाव टाकून ठेवायचं. एकदा भिंत धरली की दुसरा पक्ष तिला हात लावत नसे. लावला तर मारामारी. घरमालकाला विचारायची पद्धत बहुतेक ठिकाणी नव्हतीच. कधी त्याला चहा पाजायचे, कधी तेवढंही नाही. तेव्हा आम्हाला यात काही वावगं वाटत नव्हतं. आज तुमच्या मावशींचं वाचून वाटतं की त्या भिंतींच्या खालीही कोणीतरी बसत असणार आणि मी कधी खाली बघितलं नाही.

काम कसं चालायचं ते सांगतो. आधी पत्रीने जुना रंग खरवडायचा. मग चुन्यात डिंक आणि चिमूटभर नीळ घालून पांढरा हात मारायचा. तो वाळला की सूत मारायचं. म्हणजे सुताला गेरू चोळायचा, दोघांनी दोन टोकं ताणून धरायची आणि मधे बोटाने झटका द्यायचा. भिंतीवर सरळ लाल रेघ उमटते. ती पहिली रेघ उमटताना बघायला रस्त्यावरची पोरं जमायची. रेघेच्या आधाराने अक्षरं. मोठी अक्षरं आतून भरायला नवशिके, कडा मात्र वस्तादच ओढणार.

माझे वडील संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत होते. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' हे त्यांनी गिरणगावात रात्री डांबराने भिंतीवर लिहिलेलं. डांबर का, तर ते चुन्याखाली झाकलं जात नाही, वर डाग येतोच. तेव्हा पकडलं असतं तर तुरुंग. आज त्याला आपण इतिहास म्हणतो. ग्राफिटी हा शब्द परदेशातला असेल, वस्तू आपल्याकडे होतीच.

नव्वदच्या दशकात शेषनसाहेब मुख्य निवडणूक आयुक्त झाले आणि भिंती रंगवण्यावर टाच आली. मग फ्लेक्स आला. महिन्याचं काम तासात छापून मिळायला लागलं. २००४-०५ला मी ब्रश ठेवला. पण एक बघा. आज चौकाचौकात वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात, झाडांना खिळे ठोकून लागतात, ते डोळ्यांना सवयीचे झालेत. तुमच्या मुलांनी चार दिवस उन्हात उभं राहून काढलेलं मिठागर मात्र कोटेशनच्या एका ओळीत गेलं.

परत रंगवणार असाल तर एक धंद्यातली गोष्ट ऐका. मिठागराच्या बाजूची जमीन, म्हणजे भिंतीला खालून ओल चढणार, पोपडे येणार. खालचे दीड-दोन फूट चित्रात धरू नका. चित्र त्याच्या वरून सुरू करा.


परळ_फास्ट | रविवार, दुपारी १२.०५

फ्लॅश मॉबबद्दल लिहितो, कारण मुंबईचा त्यात जुना हात आहे. न्यूयॉर्कनंतर चार महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबर २००३ला, हाजी अलीजवळच्या क्रॉसरोड्स मॉलमध्ये पहिला फ्लॅश मॉब झाला. माणसं अचानक शेअरचे भाव ओरडायला लागली, मग गरबा खेळली, मग छत्र्या उघडल्या आणि निघून गेली. बघणाऱ्यांना कळेना हे काय चाललंय.

मला त्यात जागेची निवड फार बोलकी वाटते. हा मॉल १९९९मध्ये उघडला तेव्हा सुरुवातीला आत जायला मोबाइल नाहीतर क्रेडिट कार्ड दाखवावं लागायचं, नसेल तर पैसे भरून आत जायचं. म्हणजे दिसायला रस्त्यासारखी मोकळी, पण दारात माणूस तोलून घेणारी जागा. मुंबईत चौपाट्या आणि मैदानं सोडली तर नुसतं उभं राहायला जागा किती उरलीय? मॉल आले आणि आपण त्यांनाच चौक समजायला लागलो. तिथे गरबा खेळून त्या माणसांनी 'हा चौक आहे का?' असं विचारून पाहिलं, असं मी त्याकडे बघतो.

दुसरा मात्र मी स्वतः पाहिलेला. रविवार, २७ नोव्हेंबर २०११. सीएसटी. मी मुलीला घेऊन दिव्याला मावशीकडे निघालो होतो. इंडिकेटरखाली उभे होतो, गाडी कुठल्या फलाटावर लागते ते बघत. गाणं सुरू झालं, 'रंग दे बसंती'. आधी एक मुलगी नाचायला लागली. मला वाटलं शूटिंग आहे. मग शेजारी पिशवी घेऊन उभी असलेली बाई पिशवी खाली ठेवून नाचायला लागली. मग बॅकपॅकवाला. मग एक म्हातारे गृहस्थ. दोनेकशे माणसं होती आणि पाच मिनिटांत सगळी गर्दीत विरून गेली. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची. पुढचा महिनाभर ती प्रत्येक स्टेशनवर शेजारच्या माणसाकडे बघायची, हा आता नाचेल का म्हणून.

आदल्या दिवशी २६/११ला तीन वर्षं झाली होती. त्याच स्टेशनात पन्नासवर माणसं गेली. विष्णू झेंडे यांनी केबिनमधून उद्घोषणा करून लोकांना स्टेशनातून बाहेर काढलं, नाहीतर आकडा कितीतरी वाढला असता. त्या तीन वर्षांत मी त्या जागेवरून चालताना कायम पाय उचलून चालायचो. कुठे कोण पडलं असेल, असं वाटायचं. त्या पाच मिनिटांनंतर ते थांबलं. मला नृत्यातलं काही कळत नाही. पण त्या दिवशी ती जागा आम्हाला परत मिळाली, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

हा प्रकार परवानगी काढून झाला होता, आणि ते बरोबरच. सीएसटीवर अचानक माणसं धावायला लागली असती तर चेंगराचेंगरी झाली असती. सगळीकडे 'न विचारता केलं तरच खरं' असं मी मानणार नाही.


वकिलीण_ठाणे | रविवार, रात्री ९.३०

सोनटक्का, आधी कोरडी माहिती. आपल्याकडे महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायदा, १९९५ आहे. लोकांच्या नजरेस पडणाऱ्या भिंतीवर शाई, खडू, रंग यांनी काही करणं त्यात येतं. सोसायटीची संमती आहे म्हणून भागेल असं धरून चालू नका. वॉर्ड ऑफिसला पत्र द्या, सोबत चित्राचा नमुना जोडा आणि पोच घ्या. गर्दी जमवण्याबाबत पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघत असतात, पाच किंवा जास्त माणसांच्या जमावावर. फ्लॅश मॉब करू पाहणाऱ्यांनी त्या काळात असा आदेश लागू आहे का ते आधी बघावं.

आता पुसण्याबद्दल. चित्र काढणाऱ्याचा चित्रावर काही हक्क उरतो का? उरतो. कॉपीराइट कायद्याचं कलम ५७. शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी काशाचं भव्य भित्तिशिल्प केलं होतं. १९७९मध्ये नूतनीकरणात ते न विचारता उतरवलं गेलं आणि त्याची मोडतोड झाली. ते कोर्टात गेले. २००५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला की कलाकृती विकली, तिचे पैसे घेतले, तरी तिच्याशी कलावंताचं नातं तुटत नाही. अवशेष त्यांना परत करायला लावले आणि पाच लाख रुपये भरपाई दिली. हा निकाल मी विद्यार्थिनी असताना वाचला आणि अजून त्याचा आदर वाटतो.

पण सगळं इतकं सरळ नाही. दिल्लीच्या प्रगती मैदानातलं हॉल ऑफ नेशन्स हे प्रदर्शनाचं दालन २०१७मध्ये पाडलं, तेव्हा वास्तुरचनाकार राज रेवाल कोर्टात गेले. २०१९मध्ये त्यांच्या विरोधात निकाल गेला. जमिनीच्या मालकाला इमारत पाडण्यापासून रचनाकार रोखू शकत नाही, असं त्यात ठरलं. भिंतीवरचं चित्र या दोघांच्या मधे कुठेतरी बसतं.

अमेरिकेतलं उदाहरण तुमच्या गोष्टीच्या फार जवळचं आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात '५ पॉइंट्झ' नावाचा जुना कारखाना होता, मालकाच्या संमतीने वर्षानुवर्षं रंगवलेला. नोव्हेंबर २०१३मध्ये मालकाने एका रात्रीत सगळ्यावर पांढरा रंग मारला, कारण त्याला तिथे टॉवर बांधायचे होते. २१ कलावंत कोर्टात गेले. २०१८मध्ये न्यायाधीशांनी ४५ चित्रांसाठी प्रत्येकी दीड लाख डॉलर, म्हणजे एकूण साडेसदुसष्ट लाख डॉलर भरपाई ठरवली. इमारत पाडायचा हक्क मालकाचाच होता. पण कलावंतांना आधी रीतसर कळवून, चित्रं उतरवून घ्यायला किंवा नीट नोंदवून ठेवायला वेळ द्यायला हवा होता आणि तो मुद्दाम दिला नाही, हे न्यायाधीशांना सर्वांत जास्त खटकलं.

तुमच्या सोसायटीने रंगाच्या आधी त्या मुलांना एक फोन केला असता तर कदाचित ती स्वतः येऊन फोटो काढून गेली असती. पुढच्या वेळी ठरावातच लिहा: पुसण्याआधी तीस दिवस कळवणे.


गडवाट | सोमवार, सकाळी ८.५०

मी वेगळं बोलणार आहे, गैरसमज नको.

गेली दहा वर्षं आम्ही काही मित्र गडांवर स्वच्छतेला जातो. दरवाजाच्या कमानीवर, टाक्याच्या कडेला, तटाच्या चिऱ्यावर लोकांनी ऑइलपेंटने नावं लिहिलेली असतात. काही ठिकाणी छिन्नीने कोरलेली. बदाम, बाण, तारीख. तो रंग काढायला आम्ही मऊ ब्रश आणि पाणी घेऊन बसतो, कारण तारेचा ब्रश लावला तर दगडच सोलला जातो. एका नावाला कधी कधी अर्धा दिवस जातो. आणि कोरलेलं तर कधीच निघत नाही. संरक्षित स्मारकाला असं काही केलं तर प्राचीन स्मारकांच्या १९५८च्या कायद्यात २०१०च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. तरी लिहिणारे लिहितात.

'मी इथून गेलो' एवढंच सांगायचंय, असं टाकी १८३बद्दल ताईंनी लिहिलं. गडावर लिहिणाराही तेच सांगतोय ना? मग एकाला कला आणि दुसऱ्याला विद्रूपण कशावरून म्हणायचं? चांगलं दिसतं ते चालतं, असं म्हटलं तर 'चांगलं' कोण ठरवणार?


सोनटक्का | सोमवार, रात्री ११.००

गडवाटदादा, तुमचा प्रश्न टाळता येणारा नाही. दिवसभर त्यावर विचार केला. मला आज एवढंच सुचतंय. सिमेंटची भिंत परत रंगवता येते. साडेतीनशे वर्षांपूर्वी घडवलेला चिरा परत घडवता येत नाही. जिथे चूक दुरुस्त होऊ शकते तिथेच हात लावायचा. 'चांगलं दिसतं' ही कसोटी मलाही पुरी वाटत नाही. आमची बदामी भिंत कमिटीला चांगलीच दिसतेय.


डहाणू_रोड | मंगळवार, दुपारी ४.२०

मी पालघर जिल्ह्यात शिक्षिका आहे. वारली घरांत लग्नाच्या वेळी भिंतीवर 'चौक' नावाचं चौकोनी चित्र काढतात. गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने, सवासिणी काढतात. मधे पालघट देवी. तो चौक लग्नासाठी असतो. पुढे भिंत सारवली की जातो, आणि त्याचं कोणाला दुःख नसतं, कारण पुढच्या लग्नात परत निघणार असतो. जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रं कागदावर, कापडावर आणली, जगभर नेली, त्यांना पद्मश्री मिळाली. पण माझ्या वर्गातल्या मुलींना चौक म्हटलं की भिंतच आठवते. एकदा मी विचारलं, "पुसलं जातं तेव्हा वाईट वाटत नाही?" तर एक म्हणाली, "पुसतो आम्हीच ना, बाई."


दूरदेशी | मंगळवार, रात्री २.१०

बर्लिनहून लिहितेय, इथे वीस वर्षं झाली. बर्लिनच्या भिंतीची एक गोष्ट सांगते, मला ती इथे आल्यावर शेजारच्या आजोबांनी सांगितली आणि मग मी पडताळून पाहिली. भिंत सीमारेषेवर नव्हती. ती पूर्व जर्मनीच्या हद्दीत थोडी आत होती. म्हणजे पश्चिमेकडून भिंतीला टेकलं की तुम्ही पूर्वेच्या जमिनीवर उभे! भिंतीत मधे मधे दरवाजे होते आणि सैनिक त्यातून बाहेर येऊन पकडू शकत. तिएरी न्वार या फ्रेंच चित्रकाराने १९८४पासून तिथे रंगवायला सुरुवात केली. मोठी साधी डोकी, दोन-तीन रंग, भराभर. साधी का, तर पळायची तयारी ठेवून काढायची होती म्हणून. पश्चिमेची बाजू रंगांनी भरली आणि पूर्वेची कोरी राहिली, कारण तिथे भिंतीजवळ जाणाऱ्यावर गोळी झाडत. भिंत पडल्यावर १९९०मध्ये २१ देशांच्या ११८ कलावंतांनी पूर्वेची ती कोरी बाजू रंगवली. १,३१६ मीटर. आज तिला ईस्ट साइड गॅलरी म्हणतात.

पण मला सांगायचंय ते दुसरं. आमच्या क्रॉइत्सबर्ग भागात ब्लू नावाच्या इटालियन कलावंताची दोन अवाढव्य चित्रं होती. समोरच्या मोकळ्या जागेत बेघर लोक झोपड्या टाकून राहायचे. चित्रं इतकी प्रसिद्ध झाली की पर्यटक यायला लागले, घरांची भाडी वाढली, झोपड्या हटवल्या गेल्या आणि त्या जागेवर महागडी घरं येणार असं ठरलं. खिडकीतून जगप्रसिद्ध चित्र दिसेल अशी घरं. डिसेंबर २०१४मध्ये ब्लूच्या संमतीने ती दोन्ही चित्रं एका रात्रीत काळी करून टाकली. मी सकाळी मुलाला शाळेत सोडायला निघाले आणि भिंत काळी. रस्त्यावर उभी राहून रडले. राग आला होता. आता तो राग नाही. आपल्याच चित्रामुळे जर माणसं उठवली जात असतील तर कलावंताने काय करावं? २०१६मध्ये त्याने बोलोन्या शहरातली स्वतःची वीस वर्षांची चित्रंही पुसली, कारण रस्त्यावरची चित्रं भिंतीवरून काढून तिकीट लावलेल्या प्रदर्शनात नेली जात होती.

सोनटक्का, तुझ्या धाग्यात मला सगळ्यात महत्त्वाची व्यक्ती त्या भाजीवाल्या मावशी वाटतात. भिंत सुंदर झाली की पहिल्यांदा त्यांना उठवतील. त्यांना विचार.


असल्फाकर | बुधवार, सकाळी ६.४५

दूरदेशीताईंशी सहमत, आणि थोडी असहमतही. मी घाटकोपरच्या असल्फ्याच्या टेकडीवर वाढलो. २०१७च्या शेवटी शेकडो स्वयंसेवक आले आणि मेट्रोतून दिसणारी आमची घरं रंगवली. निळी, पिवळी, गुलाबी. लोकांनी लिहिलं की फक्त मेट्रोतून दिसणारी बाजू रंगवली, आत पाण्याची बोंब तशीच आहे. ते खरं आहे. लोक कॅमेरे घेऊन दारात यायचे आणि आई भांडी घासत असताना न विचारता फोटो काढायचे, तेही खरं.

पण माझ्या बहिणीने त्या वर्षी कॉलेजात पहिल्यांदा आपला खरा पत्ता सांगितला. आधी 'घाटकोपर' एवढंच सांगायची. आमच्या दाराशेजारची मांजर एका मुलीने आईला विचारून काढली, आईने तिला जेवायला घातलं. सात पावसाळे झाले, मांजराचं एक कान आणि शेपूट उरलंय. घराला परत रंग काढला तेव्हा आईने तेवढा तुकडा सोडायला लावला.


एसटी_स्टँड | बुधवार, रात्री १०.१५

मी अठरा जणींबरोबर केलेल्या फ्लॅश मॉबबद्दल सांगते. नाच नव्हता. आमच्या तालुक्याच्या गावी एसटी स्टँडवर संध्याकाळी सातनंतर मुली थांबत नाहीत. थांबल्या तर कामापुरत्या, पुरुषांपासून लांब, फोनवर बोलत असल्यासारखं करत. आम्ही ठरवलं की सव्वासातला प्रत्येकीने येऊन एका बाकावर बसायचं. काही करायचं नाही. गाडी पकडायची नाही, फोन काढायचा नाही, शेंगा खायच्या. पस्तीस मिनिटं.

पहिली दहा मिनिटं माझे गुडघे कापत होते. मग एक आजी आल्या, माझ्या शेजारी बसल्या, "कुठली गाडी बघतीयास बाळ?" म्हणाल्या. मी म्हटलं, "कुठलीच नाही आजी, बसलेय." त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "बरं झालं. मी बी बसते." त्यांची गाडी आली आणि गेली. त्या आमच्याबरोबर पावणेआठपर्यंत बसल्या. शेंगा संपल्या तेव्हा त्यांनी पिशवीतले भोपळ्याचे घारगे काढले. एका वाहतूक नियंत्रकांनी दोनदा येऊन विचारलं, काही अडचण आहे का. अडचण नव्हती, हेच त्यांना पटत नव्हतं.

बेंगळुरूला 'ब्लँक नॉइज' नावाचा गट २००३पासून हे काम करतो. बायका बागेत जाऊन दिवसाउजेडी गवतावर चटई टाकून झोपतात, असा त्यांचा एक उपक्रम आहे. आम्हाला त्यातूनच सुचलं. आणि २०१९च्या नोव्हेंबरमध्ये चिलीतल्या लास तेसिस या चौघींनी वालपराइसोच्या रस्त्यावर डोळ्याला पट्ट्या बांधून बलात्काराच्या विरोधात एक गाणं सादर केलं. काही दिवसांत ते जगभरच्या चौकांत झालं, आपल्याकडेही. फ्लॅश मॉब म्हणजे जाहिरातवाल्यांनी मॉलमध्ये करायचा नाच, असं आता झालंय. तेवढ्यावर त्याला सोडून देऊ नका, एवढंच म्हणायचंय.


ताळगाव | गुरुवार, दुपारी १.३०

गोव्याहून एक छोटी भर. २०१९मध्ये सेरेंडिपिटी कला महोत्सवाच्या निमित्ताने चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा यांचा नातू सॉलोमन सूझा याने गोव्यातल्या भिंतींवर गोवेकरांचे चेहरे स्प्रेने काढले. बरेचसे असे, की ज्यांची नावं आमच्या पोरांना ठाऊक नव्हती. मी मुलाला स्कूटरवर मागे बसवून एकेक चेहरा दाखवत फिरलो. प्रत्येकापाशी "हे कोण?" आणि प्रत्येक वेळी मला आधी घरी वाचून यावं लागलं.


सोनटक्का | पुढच्या महिन्यातला रविवार, रात्री ९.५०

उशीर झाला, पण सभा होऊन जाऊ दे म्हणून थांबले होते.

आधी मावशींशी बोलले. दूरदेशी, तू सांगितलंस म्हणून. त्यांच्यासमोर पाटावर बसून विचारलं की भिंत परत रंगवायची म्हणतोय, तुम्हाला काय वाटतं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी मला भिंतीला ठोकलेला एक खिळा दाखवला. त्यावर त्या पिशवी आणि पावसाळ्यात प्लॅस्टिकचं टोक अडकवतात. रंगकामात तो खिळा उपटला होता, त्यांनी दुसरा ठोकला आणि त्यावरून त्यांना ऐकून घ्यावं लागलं. म्हणाल्या, "चित्र काढा. पण पाठ टेकायला भिंत ठेवा. नवीन चित्राला पाठ लावू नको म्हणून मला उठवायला नको. आणि खिळा राहू द्या."

गेरूचुनाकाकांनी ओलीसाठी दीड-दोन फूट सोडायला सांगितलं होतं. मावशी बसल्या की त्यांचं डोकं जमिनीपासून साधारण पावणेतीन फुटांवर येतं, मी टेपने मोजलं. म्हणून तीन फूट सोडायचे ठरवलेत.

सभेत दोन तास गेले. एका काकांनी विचारलं की चित्रामुळे फेरीवाले वाढले तर? मी सांगितलं की मावशी ही इमारत उभी राहायच्या आधीपासून तिथे बसतात. हे निम्म्या लोकांना माहीतच नव्हतं. शेवटी ठराव झाला. वकिलीणताईंचं वाक्य जसंच्या तसं घातलंय: पुसण्याआधी तीस दिवस कळवणे. कळवायचं कोणाला, यात चित्रकारांबरोबर 'भिंतीलगत व्यवसाय करणारे' हे शब्दही घालून घेतले. त्यावर मतदान झालं, अकरा विरुद्ध सात. वॉर्ड ऑफिसला पत्र दिलंय, पोच घेतलीय.

आधीच्या मुलांपैकी तिघांचा पत्ता लागला. एक आता अ‍ॅनिमेशनमध्ये आहे, एक शिक्षक, आणि जिने त्या टाचा काढल्या होत्या ती मुलगी नाशिकला असते. मी फोनवर माफी मागितली. ती म्हणाली, त्या टाचा तिच्या आजीच्या होत्या. तिच्याकडेही फोटो नाही.

मावशींना हे सांगितलं, तर त्यांनी धाकट्या मुलाला हाक मारली. त्याच्या फोनमध्ये, २०२१च्या गणपतीतल्या एका फोटोत, मावशी टोपलीपाशी हसतायत आणि त्यांच्या खांद्यामागे ती बाई आहे, पाटीपासून टाचांपर्यंत पूर्ण. मी तो नाशिकला पाठवला.

गेरूचुनाकाका, येत्या रविवारी सकाळी सात वाजता सूत मारायला याल का? गेरू मी आणून ठेवते. दुसरं टोक मावशींचा मुलगा धरेल.


गेरूचुना | रविवार, रात्री १०.०५

साडेसहाला येतो. ऊन चढायच्या आत रेघ मारलेली बरी. सूत माझं आहे, जुनं, आणू नका.